पिठावरची मुंगी

राणी मुंगी डोक्यावरून ओळखायची नाही, पाठीवरून ओळखायची. हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर मी भाकरी थापत असताना, दोन्ही हात पिठात असताना, नाकासमोर काचेची नळी धरून शिकवलं. डोकं मोठं दिसलं की माणूस फसतो, असं ते म्हणायचे. भलं थोरलं डोकं असतं ते पहाऱ्यावरच्या डोंगळ्याचं. त्याची पाठ सपाट असते. राणीची पाठ भरलेली आणि उंच, पिट्टू, म्हणजे फौजेतली पाठपिशवी, बांधून निघालेल्या जवानासारखी. पंख हलवायचं बळ त्या पाठीत असतं. पुढं पंख तिनं टाकून दिले तरी पाठ तशीच राहते, आणि नीट बघितलं तर पंख तुटल्याच्या जागी बारीक खुणा दिसतात.

मी म्हणायचे, भाकरी करपली की खुणा मलाही दिसतील, सरका बाजूला.

हे फौजेत होते. आमच्या भागात हे काही मुद्दाम सांगावं असं नाही. कराडच्या खाली कृष्णेच्या काठानं जी गावं आहेत, तिथं ऊस आणि फौजी ही दोन्ही पिकं चांगली येतात. मी माधवनगरची, कापडगिरणीत काम करणाऱ्या बापाची मुलगी. भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या घरातून मी या घरात आले, आणि इथं बघते तर दिवस नव्हे, वर्षं मोजतात. वर्षातून एकदा सुट्टी. मुलाच्या शाळेसाठी मी पुढं सांगलीत खोली घेऊन राहिले, शिवणकाम केलं, पण सुट्टीची तारीख कळली की आम्ही दोघं आधी गावाला येऊन बसायचो. नवऱ्याला भेटायचं तर सासूच्या सोप्यातच भेटायचं, हा आमच्याकडचा अलिखित कायदा.

हे यायचे त्या दिवशी सासूबाई पहाटेपासून सोप्यातल्या खांबाला टेकून रस्त्याकडं तोंड करून बसायच्या. हे आले, ट्रंक खाली ठेवली, पाया पडले, की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्याही आधी त्या विचारायच्या, "किती दिस हायस रं?" हे आकडा सांगायचे. तो मोठा असो की लहान, सासूबाई फक्त "बरं" म्हणायच्या आणि आत निघून जायच्या. मला सुरुवातीला राग यायचा. पोरगं दारात उभं आहे, आणि ही बाई ते परत कधी जाणार ते विचारते. पुढं माझ्या लक्षात आलं, की एकदा आकडा कळल्यावरच तिला त्याच्याकडं नीट बघता येत होतं.

त्याच खांबाच्या बुडाशी त्या रोज सकाळी चिमूटभर साखर घालायच्या. मुलगा सरहद्दीवर आहे, मुंगीच्या मुखी चार दाणे गेले तर त्याला सांभाळणारा कुणीतरी वर बसला आहे, असा तो सरळ हिशेब होता. एकही सकाळ त्यांनी चुकवली नाही. ताप असला तर मला उठवून घालायला लावायच्या. मी कुरकुरत घालायचे, कारण दुपारपर्यंत तीच रांग माझ्या गुळाच्या डब्यापर्यंत पोचायची.

हे कायमचे घरी आले तेव्हा मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात लागला होता. मी सांगलीची खोली सोडून गावी आले. वाटलं, आता संसार. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमानं उठलेल्या माणसाला आपल्या मनानं उठता येत नाही. उसाला पाणी देऊन आले की सोप्यातल्या लोखंडी कॉटवर बसायचे आणि जमिनीकडं बघत राहायचे. भाऊकीतली माणसं येऊन बसायची, पोरांच्या भरतीबद्दल विचारायची, हे हां-हूं करायचे. सासूबाई अजूनही खांबाशी साखर घालत होत्या. एक दिवस ह्यांनी तो डबा त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, मी घालतो. तिथून ते मुंग्यांच्या मागं लागले.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. फार वर बर्फात, जिथं झाड नाही, पाखरू नाही, अशा चौकीवर ते होते. घरून गेलेला लाडवाचा डबा तिथं पोचला आणि उघडला तर आत एक काळी मुंगी. अर्धमेली, पण जिवंत.

"आपल्याच सोप्यातली आसंल," हे म्हणाले. "समदी जणं बघाय आली. एकानं हातावर घेतली आन् रडाय लागला. काड्यापेटीत ठेवली, स्टोव्हजवळ ऊब दिली, म्होरं साखर घातली. तरी मेली. एकटी मुंगी जगत न्हाई गं. तिला घर लागतंय, आन् घराला राणी लागती."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. माझ्याही मनात आलं होतं, की इकडं सांगलीच्या खोलीतही एक होती, तिच्यापुढंही साखर होती. पण त्यांचा चेहरा बघून गिळून टाकलं.

मग राणी शोधणं सुरू झालं. मोबाईलवर कुठल्या कुठल्या मुलखातली पोरं नळीत मुंग्या पाळताना दिसायची, ते व्हिडिओ हे भाकरी खाता खाता बघायचे. पहिल्यांदा आणला तो थोराड डोक्याचा डोंगळा, तो काही राणी नव्हता. दुसऱ्या खेपेला पाऊस पडून गेल्यावर ट्यूबलाइटखाली पडलेली पंखवाली पाखरं वाटीभर गोळा करून आणली, ती निघाली वाळवी. माझ्या शिवणाच्या फळीवर ती ओतून हे मला फरक दाखवायला बसले. वाळवीचे चारी पंख सारखे, मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान. वाळवीच्या मिशा सरळ, मुंगीच्या कोपरात मोडलेल्या. आणि मुख्य म्हणजे कंबर. वाळवीला कंबर नसते, मुंगीला असते. मी म्हटलं, बाईची कंबर बघायला शिकलात खरं, पण उशिरा. ते हसले. त्या दिवसांत ते हसले की मला दिवसभर बरं वाटायचं.

सासूबाईंना हे सगळं अपशकुनी वाटायचं. पंख फुटलेली मुंगी घरात आणू नये, मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं समजावं, असं त्या बजावायच्या. हे त्यांना समजावून सांगायचे, की ते अर्धंच खरं आहे. पंख दोघांना फुटतात, बाईला आणि बाप्याला. एका ओल्या सांजेला सगळे बाहेर पडतात. बाप्ये बारके, डोकं मिरीएवढं, डोळे मोठे, पोट सुकलेलं. ते एकदा उडतात आणि सकाळपर्यंत मरून जातात. त्यांचं तेवढंच काम. राणी मात्र खाली उतरते, आपले पंख आपणच मोडून टाकते, जमिनीत शिरते आणि दार बंद करून घेते. बाहेर येत नाही, काही खात नाही. पाठीतलं पंखांचं मांस विरघळवून त्यावर पहिली पोरं वाढवते.

मी म्हटलं, सासरी यायचं, आपले पंख आपण उपटायचे आणि त्यावर पोर वाढवायचं, हे बघायला मला मोबाईल कशाला लागतो? ह्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि नळीचा कापूस नीट करायला लागले.

तिसऱ्या पावसाळ्यात राणी मिळाली. उसाच्या कडेच्या वाटेवर एकटीच भरभर चालली होती, कुठल्याही रांगेत नव्हती. हेही ओळखायचं एक लक्षण आहे म्हणे. कामकरी मुंगी रांग शोधते, राणी भोक शोधते. ह्यांनी ती टोपीत धरून आणली. मी आधी पाठ बघितली, मग पंखांच्या खुणा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हीच. त्यांनी नळीत पाणी भरलं, कापूस लावला, राणी सोडली, पुन्हा कापूस लावला आणि माझ्या कपाटात साड्यांच्या घडीमागं ठेवली. तिला अंधार लागतो. तिचं बाप्याशी लग्न लागलं होतं की नाही हे वरून कळत नाही, पोरं निघाली तरच कळायचं. आणि तोवर सारखं बघायचं नाही. बघितलं की ती घाबरते आणि आपलीच अंडी खाऊन टाकते. मी म्हटलं, माझ्या कपाटाला आता माझ्याच घरात पहारा. पण नळी तिथंच राहिली. आठवड्यातून एकदा दार किलकिलं करून हे बघायचे आणि अंडी आहेत एवढंच सांगायचे.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी खांबाशी साखर घातली, कॉटवर बसले, मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ते छाती धरून बसले होते. गाडी यायच्या आत, तिथंच, खांबाजवळ जमिनीवर घेतलेल्या अवस्थेत गेले. त्यांच्या हाताला साखर चिकटलेली होती. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्याकडं झालं आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्याकडं झालं नाही त्यांना सांगून कळत नाही.

आमच्याकडं पद्धत आहे. जिथं जीव गेला तिथं पीठ चाळून पसरतात, त्यावर दिवा ठेवतात आणि वरून बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घालतात. राख सावडायच्या सकाळी बुट्टी उचलतात आणि पिठावर कसली पावलं उमटली आहेत ते बघतात. पाखराची असली तर पाखराचा जन्म, गाईची असली तर गाईचा. भाऊकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं बुट्टी उचलली, खाली वाकून बघितलं आणि म्हटलं, "मुंगी." मीही बघितलं. खांबाकडून दिव्यापर्यंत आणि परत खांबापर्यंत, बारीक ठिपक्यांची एक ओळ गेली होती.

आता या खांबाशी मुंगी नाही तर काय हत्ती यायचा होता? वर्षानुवर्षं ज्या जागी त्या माउलीनं साखर घातली, त्याच जागी पीठ पसरलेलं. मुंग्या आपल्या रोजच्या वाटेनं आल्या आणि गेल्या. हे मला दिसत होतं, आणि सोप्यात बसलेल्या निम्म्या माणसांनाही दिसत असणार. पण अशा वेळी कुणी बोलत नाही. सासूबाईंनी ती ओळ बघितली आणि पाय पोटाशी ओढून घेतले.

दिवस घातले, पाहुणे गेले, मुलगा शिरवळला गेला, आणि घरात आम्ही दोघी राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सासूबाई जमिनीवर पाय टेकत नाहीत. सकाळी चहा घेऊन गेले तर कॉटवर मांडी घालून बसलेल्या. दुपारी तशाच. मोरीकडं न्यायचं तर आधी मला फडक्यानं वाट हलक्या हातानं पुसायला लावायच्या, मग एकेक बोट टेकत जायच्या. पुढं तेही बंद केलं. पाणी पिणं कमी केलं, म्हणजे मोरीकडं जायलाच नको. कुणी दारातून आलं की ओरडायच्या, खाली बघून ये. मी झाडू घेतला की डोळे मिटून घ्यायच्या.

मी खूप समजावलं. रागावले. साखरेची गोष्ट सांगितली, की तुम्हीच घालत होता ना तिथं, मग मुंग्या तिथंच येणार. मुलगा फोनवर म्हणाला, आज्जीला सांग की हे सगळं खुळ्यासारखं आहे. सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"माज्या पायाखाली माजं पोरगं घावलं तर?"

खोटं वाटतं, पण खरं असलं तर, या प्रश्नापुढं माणसाचं शहाणपण संपतं. आणि खरं सांगायचं तर, पिठाचं मी सगळ्यांना समजावत होते, पण त्या खांबाजवळ आलं की माझाही झाडू आपोआप वळायचा.

त्यांचे पाय सुजले. कराडहून डॉक्टर येऊन गेले. सोप्याबाहेर येऊन मला म्हणाले, या वयात अशाच बसून राहिल्या तर पुन्हा उभ्या राहणार नाहीत, पाठीला जखमा होतील, आणि मग फार हाल होतात. त्यांना चालवा. कसंही करून चालवा. मी हो म्हटलं. आत बघितलं तर सासूबाई कॉटवरून वाकून जमिनीकडं बघत होत्या. एक मुंगी चालली होती, तिच्याबरोबर त्यांची मान हळूहळू वळत होती.

त्या दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, त्यानं तुला मुंग्या वळखाय शिकीवलंय. बघून सांग, ह्यातला त्यो कंचा.

मला रडू आलं. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून आत गेले आणि कपाट उघडलं, उगीचच, तोंड साड्यांत घालायला. तेव्हा नळी हाताला लागली. इतके दिवस मी तिला विसरले होते. कुणी बघितलं नव्हतं, कुणी हलवलं नव्हतं. दाराच्या उजेडात धरली. राणी जिवंत होती. आणि तिच्याभोवती चार-पाच मुंग्या फिरत होत्या, इतक्या बारक्या, की आधी मला कापसाचे धागेच वाटले. पाठीतल्या मांसावर वाढवलेली पहिली पोरं. जे बघायला हे तीन पावसाळे थांबले, ते मी बघत होते आणि ते नव्हते. मी तिथंच खाली बसले आणि पोटभर रडून घेतलं. नवरा गेल्यावर इतकं रडले नव्हते, कारण तेव्हा माणसं होती.

रडून झाल्यावर डोक्यात आलं. ह्यांनीच सांगितलेलं होतं, शंभर वेळा सांगितलेलं होतं. पण त्याचं दुसरं टोक काय आहे तेही मला माहीत होतं, म्हणून बराच वेळ मी नळी हातात धरून बसले. सांगितलं तर सासूबाईंचे पाय सुटतील. पण त्यांचा मुलगा जाईल. आत्ता निदान तो घरात होता, खांबाच्या बुडाशी होता, त्यांच्या नजरेसमोर फिरत होता. माझ्यासाठीसुद्धा, थोडासा.

मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि उठले.

कॉटवर त्यांच्याशेजारी बसले. नळी त्यांच्या हातात दिली. त्यांना राणी दाखवली, पाठ दाखवली, बारक्या मुंग्या दाखवल्या.

"ही आई," मी म्हटलं. "ह्या तिच्या लेकी. समद्या लेकी. आत्याबाई, जिमिनीवर चालती ती परत्येक मुंगी बाईमाणूसच असती. काम करणारी, दाणा न्हेणारी, पहारा देणारी, समद्या बाया. बाप्या कवाच जिमिनीवर कामाला नसतो. तुमच्या पायाखाली ते येनार न्हाईत."

त्यांनी नळीकडं बघितलं, मग खांबाकडं. तिथं रांग चालूच होती.

"मग बाप्ये कुटं असत्यात?"

"त्यांना पंख असत्यात. पावसाळ्यात एक सांज बाहेर येत्यात."

"आन् मग?"

त्यांना मुलानंच सांगितलेलं होतं, आठवत असणार. त्यांनी स्वतःच म्हटलं, "मरत्यात व्हय."

मी व्हय म्हटलं.

त्यांनी नळी माझ्या हातात परत दिली. पाय कॉटखाली सोडले. ते सुजलेले, पांढरे पडलेले पाय जमिनीला टेकताना बघून मला वाटलं, आत्ता थांबवावं. पण त्या उभ्या राहिल्या. माझा खांदा धरून मोरीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. खाली बघितलं नाही.

दसऱ्यापर्यंत त्या काठी घेऊन अंगणात फिरायला लागल्या. डॉक्टर खूश झाले. मुलानं फोनवर माझं कौतुक केलं, आई, तू कमाल केलीस. मी कमाल काय केली ते मलाच ठाऊक. सासूबाईंना पाय दिले आणि त्यांचा मुलगा काढून घेतला. पूर्वी त्या जमिनीकडं बघत होत्या, शोधत होत्या, आता त्यांना बघायला काही उरलं नव्हतं. खांबाशी साखर घालायचं त्यांनी सोडून दिलं. ती मीच घालायला लागले, न कुरकुरता. नळीतली मंडळी वाढली तशी मी ती रानात विहिरीजवळ मऊ जागा बघून सोडून दिली. माझ्यानं त्यांचा सांभाळ होण्यासारखा नव्हता.

वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला अजून अवकाश होता. दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि एका सांजेला उघडला. हवा कोंदट झाली. दिवे लावायच्या वेळेला मी अंगणात गेले, तर सीताफळाच्या बुडातून डोंगळे बाहेर आलेले, सैरावैरा धावत होते, आणि त्यांच्यामधून पंखवाले निघत होते. भिंतीवर चढत होते, पंख हलवून बघत होते, उडत होते. सोप्यातल्या ट्यूबलाइटभोवती गर्दी झाली. मी दिवा घालवायला धावले. सासूबाईंच्या नजरेला पडू नये एवढंच मनात होतं.

"ऱ्हाऊ दे," त्या आतून म्हणाल्या.

काठी टेकत आल्या. खांबाला टेकून बसल्या, रस्त्याकडं तोंड करून, पूर्वी बसायच्या तशा. फरशीवर पडलेल्यांपैकी एक उचलून मला दाखवली. मी म्हटलं, ती राणी, आत्याबाई, पाठ बघा किती भरलीय. त्यांनी तिला अलगद पायरीवर सोडलं, जा म्हणाल्या. दुसरी उचलली. तीही राणी. तिसरा बारका होता. डोकं मिरीएवढं, पोट सुकलेलं, पंख अंगापेक्षा लांब. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

त्यांनी तळहात पसरला आणि त्याला वर घेतलं. तो दमलेला होता. रेषारेषांवरून चालत मधल्या बोटाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं थांबला. सासूबाईंनी हात डोळ्यांजवळ आणला. मी बाजूला उभी होते. मला वाटलं, आता त्या रडतील, आणि मीच हे त्यांना शिकवलं आहे.

"किती दिस हायस रं?" त्यांनी विचारलं.

तो तिथंच होता. मी बराच वेळ वाट बघितली. मग त्याच्या वतीनं मीच सांगितलं, "सकाळपातूर हाईत, आत्याबाई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. या वेळी त्या उठून आत गेल्या नाहीत.